मुक्त स्रोत सॉफ्टवेअर : सर्व्हरपासून मेजावरील संगणकापर्यंत

शासकीय कार्यालये, शाळा, ग्रंथालये आणि रुग्णालये यांचे कामकाज आज मोठ्या प्रमाणावर संगणकावर चालते. संगणकाच्या यंत्रसामग्रीवर होणारा खर्च अंदाजपत्रकात ठळकपणे दिसतो. त्या यंत्रावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा खर्च मात्र परवाना, नूतनीकरण, देखभाल व प्रशिक्षण अशा अनेक शीर्षांखाली विभागला जातो आणि त्याची एकत्रित चर्चा क्वचितच होते. सार्वजनिक पैशातून उभी राहणारी संगणकीय व्यवस्था कोणाच्या ताब्यात राहावी, हा प्रश्नही याच खर्चाशी निगडित आहे. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर हा या दोन्ही प्रश्नांना मिळालेला एक पर्याय होय. तो सर्व्हरवर सहज रुजला, परंतु मेजावरील संगणकावर त्याची वाटचाल मंद राहिली. असे का झाले आणि त्यापासून धोरणकर्त्यांनी काय शिकावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना : 'मुक्त' आणि 'मोफत'

प्रोग्रामरने लिहिलेली मूळ आज्ञावली म्हणजे सॉफ्टवेअरचा 'स्रोत'. बहुतेक खाजगी कंपन्या हा स्रोत गुप्त ठेवतात आणि ग्राहकाला केवळ वापराचा मर्यादित परवाना देतात. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये हा स्रोत सर्वांना उपलब्ध असतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना केली. या चळवळीने वापरकर्त्याला चार स्वातंत्र्ये असावीत असे मानले : (१) कोणत्याही हेतूने प्रोग्राम चालविणे, (२) त्याचा अभ्यास करून त्यात बदल करणे, (३) त्याच्या प्रती इतरांना देणे आणि (४) सुधारित प्रतींचे वितरण करणे. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये 'लिनक्स' हा गाभा तयार केला. ग्नूची साधने व हा गाभा यांच्या संयोगातून संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम उपलब्ध झाली. 'मुक्त स्रोत' ही संज्ञा १९९८ मध्ये रूढ झाली.

इंग्रजीत एकच शब्द दोन्ही अर्थांनी वापरला जात असल्यामुळे तेथे बराच गोंधळ झाला. मराठीत 'मुक्त' आणि 'मोफत' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत, आणि विद्यार्थ्यांनी हा भेद काटेकोरपणे पाळावा. मोफत मिळणारे प्रत्येक सॉफ्टवेअर मुक्त नसते, कारण त्याचा स्रोत बंद असू शकतो. उलटपक्षी मुक्त सॉफ्टवेअरच्या सेवेसाठी पैसे आकारण्यास कोणतीही बंदी नाही. तसेच मुक्त स्रोत म्हणजे कायद्याबाहेरचे नव्हे. भारतात कॉपीराइट अधिनियम, १९५७ अन्वये संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण मिळते आणि त्याच हक्काच्या आधारे लेखक मुक्त परवाना देतो. 'जीपीएल' हा परवाना सुधारित प्रतीचे वितरण करताना तिचा स्रोतही त्याच अटींवर देण्याचे बंधन घालतो, तर 'एमआयटी'सारख्या परवान्यांत असे बंधन नसते.

अर्थशास्त्रीय चौकट

अर्थशास्त्राच्या दृष्टीने सॉफ्टवेअरची तीन वैशिष्ट्ये महत्त्वाची आहेत. पहिले, त्याचा प्रथम निर्मितिखर्च मोठा असतो, परंतु प्रत्येक वाढीव प्रतीचा सीमांत खर्च जवळपास शून्य असतो. एकाने प्रत वापरली म्हणून दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही. या अर्थाने त्यात सार्वजनिक वस्तूचे गुण आहेत. परवान्याद्वारे इतरांना वगळण्याची सोय केली की तीच वस्तू बाजारात विकता येते.

दुसरे वैशिष्ट्य जालप्रभावाचे. एखादे सॉफ्टवेअर जितके अधिक लोक वापरतील तितके ते प्रत्येकाला अधिक उपयोगी ठरते. शेजारच्या कार्यालयाकडून आलेली फाईल उघडता यावी म्हणून आपणही तेच सॉफ्टवेअर घेतो. त्यामुळे एकदा आघाडी मिळवलेल्या उत्पादनाला बाजारात स्थानभ्रष्ट करणे कठीण जाते.

तिसरे वैशिष्ट्य म्हणजे पर्याय बदलण्याचा खर्च. मराठी वाचकांना याचे उदाहरण दूर शोधावयास नको. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी निरनिराळ्या कंपन्यांच्या मराठी टंकांत, म्हणजे फॉन्टमध्ये, तयार केलेले दस्तऐवज तो विशिष्ट टंक नसलेल्या संगणकावर उघडले असता निरर्थक चिन्हे दिसत. मजकूर आपला, भाषा आपली, पण तो वाचण्याची किल्ली विक्रेत्याकडे, अशी ती स्थिती होती. यालाच विक्रेत्याशी जखडले जाणे असे म्हणता येईल. मुक्त मानके आणि मुक्त स्रोत यांचा खरा आर्थिक लाभ येथे आहे : ते बदलण्याचा खर्च कमी करतात आणि खरेदीदाराची सौदाशक्ती वाढवितात.

सर्व्हरवरील यश

आंतरजालावरील सेवा पुरविणाऱ्या सर्व्हर संगणकांवर लिनक्स, १९९५ मध्ये आलेला 'अपाची' वेब सर्व्हर, तसेच 'मायएसक्यूएल' व 'पोस्टग्रेस्क्यूएल' या माहितीसाठा सांभाळणाऱ्या प्रणाली यांचे स्थान भक्कम आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील सर्वच्या सर्व संगणक लिनक्सवर चालतात. अँड्रॉइड भ्रमणध्वनींचा गाभाही लिनक्सच आहे. म्हणजेच अनेक नागरिक नकळत मुक्त स्रोताचे वापरकर्ते झाले आहेत.

या यशाचे कारण केवळ तांत्रिक नाही. सर्व्हरवरील प्रणाली सामान्य वापरकर्त्याला दिसत नाही. तो ब्राउझर उघडतो आणि सेवा घेतो. नवी प्रणाली शिकण्याचा भार केवळ एक-दोन प्रशासकांवर पडतो आणि लाभ हजारो वापरकर्त्यांना मिळतो. शिवाय सर्व्हर एकमेकांशी मुक्त मानकांनुसार संवाद साधत असल्याने समोरच्याकडे कोणती प्रणाली आहे याने फरक पडत नाही. त्यामुळे बदलाचा दरडोई खर्च नगण्य होतो.

महाविद्यालयीन ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. 'कोहा' ही ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठी तयार झाली आणि २००० च्या प्रारंभी वापरात आली. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट असा होतो. भारतातील अनेक ग्रंथालयांनी ती स्वीकारली आहे. तिची उभारणी पुढील क्रमाने केली जाते :

१. सर्व्हरसाठी डेबियन किंवा उबुंटू यांची दीर्घकाळ सुरक्षा-सुधारणा मिळणारी आवृत्ती निवडावी. अशा आवृत्तीला साधारणतः पाच वर्षे सुधारणा मिळतात. अगदी नवी, परंतु अस्थिर आवृत्ती टाळावी.

२. सर्व्हरवर केवळ आवश्यक तेवढीच सॉफ्टवेअर बसवावीत आणि ती वितरणाच्या अधिकृत, डिजिटल स्वाक्षरी असलेल्या भांडारातूनच घ्यावीत.

३. दुरून प्रवेशासाठी संकेतशब्दाऐवजी सुरक्षा-किल्लीचा वापर करावा. फायरवॉल चालू ठेवावी आणि दैनंदिन कामासाठी सर्वाधिकार असलेले खाते वापरू नये.

४. जुनी ग्रंथसूची 'मार्क २१' या आंतरराष्ट्रीय नमुन्यात रूपांतरित करून प्रथम थोड्या नोंदींवर चाचणी घ्यावी.

५. माहितीसाठ्याची प्रत दररोज दुसऱ्या यंत्रावर जाईल अशी व्यवस्था करावी आणि त्या प्रतीवरून माहिती परत उभी करता येते की नाही, हे ठराविक काळाने प्रत्यक्ष तपासावे.

६. केलेल्या प्रत्येक बदलाची लेखी नोंद ठेवावी आणि किमान दोन कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे.

यांपैकी सहावी पायरी सर्वांत स्वस्त असते आणि तीच बहुधा वगळली जाते. जाणकार कर्मचाऱ्याची बदली झाली की व्यवस्था कोलमडते आणि दोष मात्र मुक्त स्रोताला दिला जातो.

मेजावरील संगणकाची अडचण

मेजावरील संगणकावर हिशेब उलटतो. येथे प्रत्येक वापरकर्त्याला नवी सवय लावून घ्यावी लागते. शंभर कर्मचारी असतील तर शिकण्याचा खर्चही शंभरपट होतो. त्यात जुने प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल स्वाक्षरीची उपकरणे, विशिष्ट प्रणालीवरच चालणारे लेखा-सॉफ्टवेअर आणि वर्षानुवर्षे जमलेले दस्तऐवजांचे नमुने यांची भर पडते.

म्हणूनच हे स्थित्यंतर टप्प्याटप्प्याने करणे श्रेयस्कर ठरते. प्रथम कार्यालयातील सर्व सॉफ्टवेअर व उपकरणांची यादी करावी. त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टिम न बदलता फायरफॉक्स ब्राउझर, लिब्रेऑफिस अशी मुक्त साधने आहे त्याच संगणकावर वापरण्यास सुरुवात करावी. कर्मचारी त्यांना सरावले की निम्मे काम होते. पुढच्या टप्प्यात पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. या पद्धतीत संगणकाच्या डिस्कवर काही न बसवता प्रिंटर, ध्वनी, जालजोडणी व मराठी टंकलेखन तपासता येते. प्रत्यक्ष उभारणीपूर्वी सर्व माहितीची प्रत घ्यावी आणि उतरवून घेतलेली फाईल अस्सल असल्याची खात्री तिच्या चेकसमवरून करावी. मराठीसाठी युनिकोड टंक व इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्सच्या प्रमुख वितरणांत उपलब्ध असतात. दस्तऐवज साठविण्यासाठी मुक्त नमुना ठरवून द्यावा. ज्या थोड्या संगणकांवर खाजगी सॉफ्टवेअर अपरिहार्य असेल, तेथे ते राहू द्यावे.

विंडोज १० ला मिळणाऱ्या नियमित विनाशुल्क सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्या. तिच्या पुढच्या आवृत्तीसाठी लागणारी यंत्रसामग्री अनेक जुन्या संगणकांत नाही. असे चालू स्थितीतील संगणक मोडीत काढावयाचे, की त्यांवर हलके लिनक्स वितरण बसवून त्यांचे आयुष्य वाढवावयाचे, हा प्रश्न आता केवळ तांत्रिक न राहता अंदाजपत्रकाचा आणि ई-कचऱ्याचाही झाला आहे.

केरळचा अनुभव

मेजावरील संगणकावर मुक्त स्रोत यशस्वी होत नाही, या समजाला केरळच्या शाळांनी उत्तर दिले. राज्याचा 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प २००१ च्या सुमारास सुरू झाला. प्रारंभीचे शिक्षण खाजगी प्रणालीवर आधारित होते आणि त्यास शिक्षक संघटनांनी आक्षेप घेतला. त्यानंतर शाळांसाठी ग्नू-लिनक्सचे स्वतंत्र वितरण तयार करण्यात आले. २००८ पर्यंत दहावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयाची परीक्षाही मुक्त सॉफ्टवेअरवर घेतली जाऊ लागली. या प्रकल्पाचे २०१७ मध्ये 'काइट' या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या उच्च तंत्रज्ञान शाळा कार्यक्रमात ४,७५२ शाळांमधील ४५,००० वर्गखोल्यांचा समावेश होता.

या यशाचे मर्म सॉफ्टवेअरपेक्षा संघटनेत आहे. पाठ्यपुस्तक, शिक्षकांचे प्रशिक्षण, परीक्षा आणि संगणकावरील प्रणाली या चारही गोष्टी एकाच वेळी एका दिशेने बदलण्यात आल्या. जालप्रभाव सामान्यतः प्रस्थापित उत्पादनाला साहाय्य करतो. केरळने संपूर्ण राज्याचे जाळे एकदम बदलून तोच प्रभाव आपल्या बाजूला वळविला. एखादी एकटी शाळा हे करू शकली नसती.

या संदर्भात एका आकड्याची छाननी उद्बोधक ठरेल. दोन लाखांहून अधिक संगणकांवर मुक्त प्रणाली बसविल्याने सुमारे ३,००० कोटी रुपयांची बचत होईल, असे 'काइट'तर्फे २०१९ मध्ये सांगण्यात आले. भागाकार केल्यास ही बचत दर संगणकामागे सुमारे दीड लाख रुपये होते. त्या वितरणातील प्रत्येक साधनाच्या जागी तुल्य खाजगी सॉफ्टवेअर विकत घेतले असते तर एवढा खर्च आला असता, असा त्याचा अर्थ. परंतु कोणतेही शासन प्रत्येक शाळेसाठी एवढी खरेदी करणार नाही. म्हणून ही रोख बचत नसून आरोपित मूल्य आहे. विद्यार्थ्यांना मिळालेल्या साधनांचे मूल्य म्हणून ते ग्राह्य आहे. तिजोरीत शिल्लक राहिलेली रक्कम म्हणून नव्हे. उत्तरपत्रिकेत हा आकडा देताना हा भेद अवश्य नमूद करावा.

खर्चाचा हिशेब

आता एक काल्पनिक उदाहरण पाहू. एका कार्यालयात ५० संगणक आहेत. खाजगी पर्यायात परवान्यांसाठी दर पाच वर्षांनी ६ लाख रुपये व देखभालीसाठी वर्षाला ६० हजार रुपये लागतात असे समजा. पाच वर्षांचा एकूण खर्च ९ लाख रुपये होईल. मुक्त पर्यायात परवान्याचा खर्च शून्य धरला, परंतु प्रशिक्षणासाठी २ लाख, जुन्या दस्तऐवजांच्या रूपांतरासाठी १ लाख आणि कुशल देखभालीसाठी वर्षाला १ लाख रुपये धरले, तर पाच वर्षांचा खर्च ८ लाख रुपये होतो. म्हणजे ६ लाखांची अपेक्षा असताना प्रत्यक्ष बचत अवघी १ लाखाची. परंतु पुढील पाच वर्षांत परवाने पुन्हा घ्यावे लागल्यास खाजगी पर्यायाला परत ९ लाख लागतात आणि मुक्त पर्यायाला केवळ देखभालीचे ५ लाख पुरतात. दहा वर्षांतील ५ लाखांच्या बचतीपैकी ४ लाख दुसऱ्या टप्प्यात हाती येतात.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, मुक्त स्रोताचा निर्णय एका अंदाजपत्रकीय वर्षाच्या चष्म्यातून पाहिल्यास तो महागडा वाटतो, त्याला दीर्घ मुदतीची धोरणात्मक स्थिरता लागते. दोन, खर्चाचे स्वरूप बदलते. परवान्यापोटी जाणारा पैसा स्थानिक तंत्रज्ञांच्या कौशल्याकडे वळतो आणि त्यातून रोजगार व ज्ञान येथेच निर्माण होते.

स्थिरतेच्या अभावी काय होते, हे जर्मनीतील म्युनिक शहराने दाखविले. तेथील नगरपरिषदेने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला, सुमारे १५,००० संगणकांचे स्थित्यंतर २०१३ पर्यंत पूर्ण केले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. २०२० मध्ये नव्या सत्ताधारी आघाडीने परत मुक्त स्रोताला प्राधान्य देण्याचे ठरविले. दर वेळच्या दिशाबदलाचा खर्च करदात्यालाच सोसावा लागतो.

भारत सरकारचे धोरण

राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी मे २००३ मध्ये पुणे येथे बोलताना भारतासारख्या देशाने मुक्त स्रोताचा मोठ्या प्रमाणावर अवलंब करावा, असे प्रतिपादन केले होते. त्यानंतरचे महत्त्वाचे टप्पे असे :

• २००५ : मुक्त सॉफ्टवेअरच्या राष्ट्रीय संसाधन केंद्राची चेन्नईत स्थापना.

• २००७ : सी-डॅकने विकसित केलेली, डेबियनवर आधारित व भारतीय भाषांना आधार देणारी 'बॉस' प्रणाली.

• २०१० : ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण.

• २०१५ : केंद्र सरकारचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकृती धोरण. यानुसार निविदेत मुक्त स्रोताला प्राधान्याचा पर्याय म्हणून विचारात घेणे बंधनकारक आहे आणि तो वगळल्यास पुरवठादाराने कारण देणे आवश्यक आहे. विशेष गरज असल्यास अपवादाची तरतूद आहे.

• २०१७ : शालेय शिक्षणासाठी 'दीक्षा' मंच. त्याचा पाया असलेले 'सनबर्ड' हे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे.

प्रशिक्षणाच्या क्षेत्रात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे 'फॉसी' व 'स्पोकन ट्युटोरियल' हे प्रकल्प उल्लेखनीय आहेत. दुसऱ्या प्रकल्पातील पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येतात.

मर्यादा

स्रोत खुला आहे म्हणून सॉफ्टवेअर आपोआप सुरक्षित होत नाही. एप्रिल २०१४ मध्ये 'ओपनएसएसएल' या साधनात 'हार्टब्लीड' हा गंभीर दोष आढळला. जगभरातील असंख्य संकेतस्थळे ज्यावर अवलंबून होती, त्या साधनाची देखभाल मूठभर व्यक्ती अत्यल्प निधीवर करीत होत्या. डिसेंबर २०२१ मधील 'लॉग४जे' आणि मार्च २०२४ मधील 'एक्सझेड' या प्रकरणांनीही हीच दुर्बलता उघड केली. सर्वांनी वापरावे व कोणीच खर्च करू नये, हा सार्वजनिक वस्तूंच्या बाबतीतला फुकट लाभार्थ्यांचा प्रश्न येथे प्रकर्षाने दिसतो. जर्मनीने २०२२ मध्ये अशा पायाभूत सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी सार्वजनिक निधी सुरू केला. शासन जर मुक्त सॉफ्टवेअरचे मोठे ग्राहक असेल, तर त्याच्या देखभालीतही शासनाचा वाटा असणे न्याय्य ठरेल.

समारोप

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरकडे केवळ स्वस्त पर्याय म्हणून पाहणे अपुरे आहे. परवान्याची शून्य किंमत हे त्याचे दर्शनी आकर्षण असले, तरी त्याचे खरे मोल निवडीच्या स्वातंत्र्यात आहे : विक्रेता बदलता यावा, दोष तपासता यावा, भाषेनुरूप बदल करता यावेत आणि आजचा दस्तऐवज वीस वर्षांनंतरही वाचता यावा. हे स्वातंत्र्य सॉफ्टवेअर बसविताच मिळत नाही. सर्व्हरवर ते दोन प्रशिक्षित माणसांच्या बळावर टिकते. मेजावरील संगणकासाठी संपूर्ण संस्थेचे प्रशिक्षण आणि धोरणाचे सातत्य लागते. परवान्यावर वाचलेला पैसा माणसांच्या कौशल्यावर खर्च करण्याची तयारी असेल, तरच ही बचत खरी ठरेल.

सरावासाठी प्रश्न

१. 'मुक्त' व 'मोफत' सॉफ्टवेअरमधील भेद स्पष्ट करून मुक्त स्रोताची चार स्वातंत्र्ये सांगा.

२. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर सर्व्हरवर अधिक यशस्वी का ठरले? बदलाच्या खर्चाच्या आधारे विवेचन करा.

३. केरळ व म्युनिक येथील अनुभवांची तुलना करून सार्वजनिक धोरणातील सातत्याचे महत्त्व विशद करा.